वाळूवर रग्बीची लीग भरवायची आहे? आधी मोठ्या लीगांचं काय झालं ते बघा

प्रश्न गुहागर तालुक्यातल्या एका क्रीडा मंडळाचा आहे. थोडक्यात असा: "आमच्या कबड्डी स्पर्धेची गर्दी वर्षागणिक पातळ होत चालली आहे. पोरांना मुंबईत झालेल्या रग्बी प्रीमियर लीगने वेड लावलंय. मे महिन्यात वाळूवर रग्बीची लीग भरवावी, सहा संघांचा लिलाव करावा, असा विचार आहे. पण जगात व्यावसायिक रग्बीचेच प्रेक्षक घटतायत असं वाचनात येतं. मग या वाटेला जावं का, आणि गेलो तर रचना कशी ठेवावी?"

रग्बी जरूर खेळवा, लिलाव मात्र करू नका. तुमच्या डोक्यात जो आराखडा आहे तो थोड्याफार फरकाने परदेशात राबवून झालेला आहे, आणि त्याचे परिणामही समोर आहेत.

'रग्बीचे प्रेक्षक घटले' हे अर्धवट वाक्य आहे. फ्रान्सच्या टॉप १४ ची, म्हणजे तिथल्या क्लबांच्या वरच्या लीगची, मैदानं भरलेली असतात. सिक्स नेशन्सच्या, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेच्या, तिकिटांसाठी आजही मारामार असते. २७ सप्टेंबर २०२५ ला लंडनजवळच्या ट्विकनहॅमला महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, इंग्लंडने कॅनडाला ३३-१३ हरवलं, आणि मैदानात ८१,८८५ माणसं होती. घसरण झाली ती ठरावीक ठिकाणी. दक्षिण गोलार्धातली सुपर रग्बी, इंग्लंडमधले काही क्लब आणि युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स कपची साखळी फेरी, ही त्यातली ठळक. खेळ सगळीकडे तोच, नियम तेच, खेळाडूही बऱ्याच वेळा तेच. फरक आहे तो स्पर्धेच्या बांधणीत.

सुपर रग्बीचं उदाहरण तपशिलात बघण्यासारखं आहे. रग्बी युनियन, म्हणजे पंधरा-पंधराची रग्बी, ऑगस्ट १९९५ मध्ये अधिकृतपणे व्यावसायिक झालं आणि १९९६ मध्ये 'सुपर १२' सुरू झाली. न्यूझीलंडचे पाच संघ, दक्षिण आफ्रिकेचे चार, ऑस्ट्रेलियाचे तीन. प्रत्येक जण प्रत्येकाशी एकदा खेळणार, म्हणजे संघामागे ११ सामने, साखळीत एकूण ६६. पहिले चार उपांत्य फेरीत. गुणतक्ता शाळेतल्या पोरालाही कळावा इतका सरळ. पण वाहिन्यांना जास्त सामने विकायचे होते. २००६ ला १४ संघ झाले, २०११ ला १५ संघ आणि देशवार तीन गट, आणि २०१६ ला अर्जेंटिना-जपानला घेऊन १८ संघ, चार गट. साखळीचे सामने ६६ चे १३५ झाले, पण आता प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळत नव्हता.

त्याचं काय झालं ते २०१६ च्या तक्त्यात दिसतं. न्यूझीलंडच्या हायलँडर्सचे गुण ५२. ऑस्ट्रेलियाच्या ब्रम्बीजचे ४३. तरी उपांत्यपूर्व सामना ब्रम्बीजच्या मैदानावर, कॅनबेराला. कारण ते आपल्या गटात पहिले आणि हायलँडर्स आपल्या तगड्या गटात मागे. नऊ गुण जास्त मिळवून पाहुणा म्हणून जायचं. हायलँडर्स १५-९ जिंकले, ते सोडा. दुसरीकडे दक्षिण आफ्रिकेचे स्टॉर्मर्स साखळीत न्यूझीलंडच्या एकाही संघाशी न खेळता गटात पहिले आले, आणि घरच्या मैदानावर चीफ्सकडून ६०-२१ असा मार खाल्ला. साखळीतला पहिला क्रमांक किती पोकळ होता हे एका संध्याकाळी उघडं पडलं. असा तक्ता बघून प्रेक्षकाने चार महिने कशाला जीव टांगणीला लावायचा?

त्यात घड्याळाची भर. केपटाऊनला संध्याकाळी पाचला सामना लागला की ऑकलंडला पहाटेचे तीन वाजलेले. आपल्या संघाचा निम्मा दौरा झोपेतच जायचा. २०१८ ला तीन संघ कमी केले, २०२० ला कोविडने स्पर्धाच मोडली, आणि २०२१ पासून दक्षिण आफ्रिकेचे चार मोठे संघ युरोपातल्या युनायटेड रग्बी चॅम्पियनशिपमध्ये गेले. २०२२ ची सुपर रग्बी पॅसिफिक पुन्हा १२ संघांवर आली. २०२४ नंतर मेलबर्नचा रेबल्स बंद पडला, २०२५ ला उरले ११. फिरून फिरून गाडी जवळजवळ सुरुवातीच्या आकड्यावर आली. मधल्या काळात बिथरलेला प्रेक्षक मात्र आपोआप परत येत नाही.

चॅम्पियन्स कपमध्ये चूक वेगळ्या दिशेने झाली. २०१३-१४ पर्यंत, म्हणजे या स्पर्धेला हाइनेकेन कप म्हणत त्या दिवसांत, २४ संघ, चार-चारांचे सहा गट, प्रत्येकाचे सहा सामने आणि पुढे जाणार फक्त आठ. गटात दुसरा आलेलाही बहुधा घरी. जानेवारीतले शेवटचे दोन सामने म्हणजे जीव मुठीत. आता २४ संघांचे सहा-सहाचे चार गट, प्रत्येकाचे फक्त चार सामने, आणि पुढे जातात सोळा. चारपैकी एक सामना जिंकून संघ बाद फेरीत गेले आहेत. मग प्रशिक्षक लांबच्या दौऱ्यावर दुय्यम फळी पाठवतो, आणि तिकीट काढलेल्याला पन्नास-साठ गुणांचा एकतर्फी मार बघावा लागतो. स्पर्धेत किती टक्के संघ पुढे जातात हा आकडा आयोजकाने आधी लिहून काढावा. तो निम्म्याच्या वर गेला की साखळी हळूहळू सराव सामन्यांसारखी होते.

इंग्लंडचा रोग पैशाचा आणि पत्त्याचा. तिथे २०२२ मध्ये वूस्टर आणि वॉस्प्स, २०२३ मध्ये लंडन आयरिश असे तीन क्लब बुडाले. १३ संघांची लीग १० वर आली. वॉस्प्स हा युरोपचा चषक जिंकलेला, लंडन परिसरातला जुना क्लब. २०१४ मध्ये तो कोव्हेंट्रीला गेला, तिथलं सुमारे ३२,००० आसनांचं मैदान घेतलं आणि त्यासाठी २०१५ मध्ये ३.५ कोटी पौंडांचे रोखे साडेसहा टक्क्यांनी काढले. जुना पाठीराखा शे-सव्वाशे किलोमीटरवर राहिला, कोव्हेंट्रीत नवा तेवढा जमला नाही. मे २०२२ मध्ये रोखे परत करायचे होते. ते जमलं नाही आणि ऑक्टोबरमध्ये दिवाळखोर क्लब प्रशासकांच्या ताब्यात गेला. लंडन आयरिश तर वीस वर्षं रेडिंगच्या फुटबॉल मैदानावर भाड्याने राहिला. मैदान मोठं, माणसं विरळ. टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या दिसल्या की घरी बसलेल्यालाही वाटतं, हे काही फार बघण्यासारखं नसावं.

आता उलट बाजू. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर ला रोशेल नावाचं बंदराचं शहर आहे, वस्ती साधारण आपल्या रत्नागिरी शहराएवढी. त्यांचा क्लब २०१४ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून वर आला, आणि २०२२ व २०२३ ला सलग दोनदा युरोपचा विजेता झाला. मैदान जेमतेम सोळा-सतरा हजारांचं, पण तिकिटं संपलेली. कास्त्र हे तर चिपळूणपेक्षाही छोटं शहर. २०१३ आणि २०१८ ला फ्रान्सचं विजेतेपद त्यांच्याकडे. या लीगमध्ये १४ संघ दुहेरी साखळी खेळतात, २६ फेऱ्या, पुढे फक्त सहा. चौदावा थेट खाली उतरतो, तेराव्याला खालच्या श्रेणीतल्या संघाशी पात्रता सामना खेळावा लागतो. त्यामुळे मेअखेरीस वरचे आठ विजेतेपदाकडे बघत असतात आणि खालचे चार जीव वाचवत असतात. निरर्थक सामना शोधूनही सापडत नाही. सिक्स नेशन्सच्या दिवसांत राष्ट्रीय खेळाडू नसतानाही फ्रान्समध्ये लीग चालू राहते आणि लोक येतात, कारण ते खेळाडूसाठी नव्हे, गावासाठी येतात.

इंग्लंडमध्ये वर यायचं दार नावालाच उघडं होतं. ईलिंग ट्रेलफाइंडर्सने २०२२ ला दुसरी श्रेणी जिंकली, तरी मैदानाची क्षमता १०,००१ ची अट पुरी नाही म्हणून त्यांना वरच्या श्रेणीत प्रवेश नाकारला. जिंकूनही वर जाता येत नाही म्हटल्यावर खालची अख्खी श्रेणी बघणाऱ्याच्या लेखी संपते. बंद फ्रँचायझीचे समर्थक म्हणतात, उतरण्याची भीती नसली की गुंतवणूकदार येतो. येतो खरा, पण सुपर रग्बीतही कोणी खाली उतरत नव्हतंच आणि मेलबर्न बुडायचं ते बुडालंच.

खेळाच्या वेगाबद्दलची तक्रार खरी आहे. ८० मिनिटांपैकी चेंडू प्रत्यक्ष खेळात राहतो साधारण ३५ मिनिटं. बाकी स्क्रम (चेंडूसाठी दोन्ही संघांची एकमेकांना भिडून रेटारेटी) लावणं, किकची तयारी, टीव्ही पंच. त्यावर गेल्या काही वर्षांत स्क्रमला आणि लाइनआउटला (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकून आत आणणं) ३० सेकंद, किकला ६० सेकंद असं घड्याळ आलं, लाल कार्डनंतर एक खेळाडू कमी घेऊन खेळण्याची शिक्षा काही स्पर्धांत २० मिनिटांवर आली. उपयोग होतो, पण स्पर्धेचा गुणतक्ताच बिघडलेला असेल तर घड्याळाने काही वाचत नाही.

पुढे काय येतंय? जुलै २०२६ पासून नेशन्स चॅम्पियनशिप: सिक्स नेशन्सचे सहा, दक्षिण गोलार्धातले चार (न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना), शिवाय जपान आणि फिजी, असे १२ देश, दर दोन वर्षांनी, अंतिम टप्पा नोव्हेंबरात लंडनला. आधी जे मैत्रीचे दौरे होते त्यांना आता गुण मिळतील, हे चांगलंच. २०२७ चा ऑस्ट्रेलियातला विश्वचषक २४ संघांचा, चार-चारांचे सहा गट, पुढे सोळा. म्हणजे चॅम्पियन्स कपचीच दोन-तृतीयांशाची चूक इथेही आहे, फक्त चार वर्षांतून एकदा येणाऱ्या स्पर्धेला ती पचते. 'आर ३६०' नावाची एक फिरती बंडखोर लीगही आखली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आठ मोठ्या देशांच्या संघटनांनी तिच्यात जाणाऱ्यांना राष्ट्रीय संघाचं दार बंद असं जाहीर केलं आणि तिची सुरुवात २०२८ वर ढकलली गेली. शहरोशहरी फिरणाऱ्या, कुठल्याच गावच्या नसलेल्या संघाचं तिकीट दुसऱ्या वर्षी कोण काढणार, हा प्रश्न तिथेही आहेच.

आता तुमच्या आवडीची रग्बी प्रीमियर लीग. जून २०२५, अंधेरीचं शहाजी राजे क्रीडा संकुल, सात-सातचे सहा संघ, चार-चार मिनिटांची चार सत्रं, दोन आठवड्यांत ३४ सामने. टीव्हीसाठी आखणी नेटकी होती. पण बेंगळुरू, चेन्नई, दिल्ली, हैदराबाद, कलिंगा सगळे अंधेरीलाच खेळले. पहिल्या वर्षी खर्चाच्या दृष्टीने ते समजण्यासारखं आहे, कायमचं केलं तर नाही. प्रो कबड्डीत काय झालं ते तर डोळ्यांसमोर आहे. २०१४ ला आठ संघांनिशी सुरू झाली तेव्हा ताफा गावोगाव फिरायचा आणि वरळीला यू मुंबाच्या सामन्याला आवाज असायचा. २०१७ ला संघ बारा झाले. २०२५ चा हंगाम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली अशा चार शहरांत झाला. पुणेरी पलटण अंतिम फेरीला पोचली, पण त्या हंगामात पुण्यात एकही सामना नाही. महाराष्ट्रातल्या दोन्ही संघांचा पाठीराखा मोबाइलवर.

हे सगळं तुमच्या गावाला असं लागू होतं.

तुमच्या कबड्डीची गर्दी का घटली याचं उत्तर बहुधा तीन गोष्टींत सापडेल. सोळा संघ बाद पद्धतीने खेळवले की एकूण सामने १५, आणि पहिल्याच रात्री आठ गावं घरी. त्या आठ गावांनी दुसऱ्या रात्री टेम्पो कशाला करायचा? दुसरं, गावाच्या नावाच्या बनियनमध्ये मुंबई-ठाण्याहून आणलेली पाच पोरं. तिसरं, उद्घाटन, सत्कार, भाषणं, आणि अंतिम सामना पहाटे दोन-अडीचला. लिलाव केला तर दुसरा दोष कायमचा होईल.

सहाच गावं घ्या. एकेरी साखळी, म्हणजे १५ सामने, पाच फेऱ्या, प्रत्येक फेरीत तीन. एक फेरी एका गावच्या किनाऱ्यावर. सहावी संध्याकाळ सहाव्या गावात आणि त्या दिवशी पहिला विरुद्ध दुसरा, तिसरा विरुद्ध चौथा, पाचवा विरुद्ध सहावा. सहाव्या गावाला साखळीचं यजमानपद मिळत नाही, त्याची भरपाई अंतिम दिवसाने होते. कुठलं गाव सहावं ते चिठ्ठ्या टाकून आधीच ठरवा. विजयाला चार गुण, बरोबरीला दोन, एका ट्रायच्या (चेंडू समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवण्याच्या) फरकाने हरणाऱ्याला एक. एवढाच तक्ता. प्रत्येक किनाऱ्यावर फळा लावा आणि सामना संपताच खडूने बदला.

बीच रग्बी पाच-पाचची खेळतात, एका ट्रायला एक गुण, किक नाही. राखीव धरून दहा जणांचा संघ. पाच मिनिटांचे दोन डाव, मध्ये दोन मिनिटं. बदली, वादावादी धरून एक सामना वीस मिनिटांत आटोपतो. तीन पुरुषांचे आणि त्याच तीन गावांच्या जोड्यांचे तीन महिलांचे, असे सहा सामने दोन तासांत बसतात. पुरुष आणि महिला संघांचे गुण एकाच तक्त्यात गावाच्या नावावर मिळवा. याचा परिणाम पहिल्याच फेरीत दिसेल: महिलांच्या सामन्याला उठून वडापाव खायला जाणारे जागेवर बसतील, कारण गावाचे गुण अडकलेले असतात.

तारखा पंचांग बघून ठरवा, शनिवार-रविवार बघून नव्हे. रत्नागिरीच्या पट्ट्यात अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी अकरा-बाराच्या सुमाराला आणि ओहोटी संध्याकाळी पाच-सहाला येते. दर दिवशी ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सप्तमी-अष्टमीला, म्हणजे भांगाच्या दिवसांत, नेमकी संध्याकाळी भरती असते आणि तुमचं मैदान पाण्यात. म्हणून अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आदले दोन दिवस आणि तो दिवस, अशा तीन संध्याकाळी. मे महिन्यात एक पौर्णिमा, एक अमावास्या धरली की सहा संध्याकाळी बरोबर जुळतात. मात्र भरती-ओहोटीच्या तक्त्यात वेळेसोबत पाण्याची उंचीही बघा. उन्हाळ्याच्या शेवटी संध्याकाळची ओहोटी पहाटेच्या ओहोटीइतकी खोल जात नाही, त्यामुळे अरुंद पुळणीवर जागा कमी पडते. शिमग्यात भरवायचा मोह होईल, चाकरमानी घरी असतात. पण पालखी घरोघर फिरत असताना तुमच्या सामन्याला माणूस मिळणार नाही, आणि मिळू नयेही.

वाळूची निवड चुकली तर हाडं मोडतात. ओहोटीनंतर उघडी पडणारी ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट असते. तिच्यावर फक्त स्पर्शाची रग्बी, टॅकल (धरून खाली पाडणं) नाही. टॅकल करायचं तर वरची मोकळी वाळू, जिथे टाच टेकवली की चार बोटं आत जाते. आदल्या दिवशी दंताळं फिरवून कालवांची टरफलं, काचा, जाळ्याचे तुकडे, गळ काढा, आणि सामन्याच्या सकाळी पुन्हा एकदा अनवाणी चालून बघा. रेषा फक्कीने मारू नका, वाऱ्याने डोळ्यांत जाते. चार सेंटिमीटर रुंदीची रंगीत पट्टी वाळूत कडेने पुरा. डोक्याला मार बसल्याची शंका आली की खेळाडू बाहेर, त्या दिवशी परत आत नाही, तो कितीही म्हणो. हा निर्णय कप्तानाचा नाही, पंचाचा. रुग्णवाहिका उभी असल्याशिवाय शिट्टी नाही.

परवानग्यांसाठी ग्रामपंचायत, मेरीटाइम बोर्डाचं बंदर कार्यालय आणि पोलीस ठाणं, तिन्हीकडे महिनाभर आधी अर्ज द्या. वेळास-आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर कासवांची घरटी असतात, पिल्लं मेपर्यंत बाहेर पडतात आणि उजेडाकडे भरकटतात. तिथे किनाऱ्यावर फ्लडलाइट अजिबात नकोत आणि घरट्यांच्या कुंपणापाशी गर्दीही नको. तसंही साडेचारला सुरू करून सूर्यास्ताआधी संपवलं तर दिव्यांचा आणि जनरेटरचा खर्च वाचतो. सत्कार शेवटच्या दिवशी, दहा मिनिटं.

खेळाडूच्या अटीबाबत कडक राहा. गावात घर असलेला, मग तो विरारला राहात असला तरी चालेल. पाहुणा संघामागे एकच, आणि त्याने गावातल्या मुलांना आधी आठ दिवस शिकवलं पाहिजे. पंच बाहेरून आणा, जिल्ह्यात रग्बीचे पंच नसतील तर मुंबईहून दोन. बक्षिसाची रक्कम लहान ठेवा. तोच पैसा सहा गावांच्या प्रवासाला, वैद्यकीय सोयीला आणि युट्यूबवरच्या थेट प्रक्षेपणाला घाला. प्रक्षेपणात गुण, उरलेला वेळ आणि चालू तक्ता पडद्यावर सतत दिसला पाहिजे. मस्कतला बसलेला गाववाला मध्येच आला तरी अर्ध्या मिनिटात त्याला कळलं पाहिजे की आपलं गाव कितवं आहे.

सातवं, आठवं गाव पहिल्याच वर्षी मागे लागेल. त्यांना साखळीत कोंबू नका. तक्त्यात शेवटी राहिलेल्या गावाने पुढच्या एप्रिलमध्ये नव्या गावाशी पात्रता सामना खेळायचा, जिंकेल तो लीगमध्ये. नवी गावं दोनाहून जास्त झाली तर त्यांची एका दिवसाची वेगळी साखळी आधी घ्या आणि विजेत्याला हा सामना द्या. हा नियम पहिल्या बैठकीतच लिहून सहाही गावांच्या सह्या घ्या, कारण शेवटच्या क्रमांकावर आपलं गाव आल्यावर कोणीही सही करत नाही.